आजीचा हरिपाठ, इगतपुरीचं शिबिर आणि बाकी सगळं

विचारणाऱ्या बाई नाशिकच्या आहेत. नोकरी, नवरा, शाळेत जाणारी एक मुलगी. आजीमुळे लहानपणीच हरिपाठ पाठ झाला. शाळा सिस्टरांची होती, तिथली स्तोत्रं अजूनही आवडतात. मध्यंतरी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. शेजारच्या जैन मैत्रिणीबरोबर कधीमधी सामायिकाला, म्हणजे ठरावीक वेळ शांत बसण्याच्या जैन व्रताला, बसतात. फोनमध्ये कव्वाल्या आहेत आणि एक ध्यानाचं ॲपही आहे. त्यांचा प्रश्न असा: "या सगळ्यातलं चांगलं चांगलं घेऊन मला माझी स्वतःची साधना बांधायची आहे. असं चालतं का? चालत असेल तर कसं करायचं?" शेवटी मुलीबद्दल एक उपप्रश्न आहे, त्याचं उत्तर शेवटी देते.

चालतं. याला धर्मबुडवेपणा म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. माझा आक्षेप 'चांगलं चांगलं घेऊन' एवढ्यालाच आहे.

आमच्या साधना-गटात गेली कित्येक वर्षं माणसं हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांच्या याद्या पाहिल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. ध्यान सगळे उसनं घेतात, जकात कोणी घेत नाही. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतले अडीच टक्के गरिबाला द्यायचे, हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक आहे. पण 'मला सूफी परंपरा फार भावते' म्हणणाऱ्यांच्या वहीत तो कधी दिसत नाही. शिखांचं कीर्तन आवडतं, दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा भाग देणं, आवडत नाही. पंढरीची वाट आवडते, माळ घातल्यावर सुटणारं मटण आवडत नाही. प्रत्येक परंपरेनं दिलासा आणि मागणी यांची गाठ मारलेली असते. ती सोडवून आपण नुसता दिलासा घरी आणतो, आणि सहा महिन्यांनी म्हणतो की काही होत नाही. होणार कसं? माणसाला बदलणारा भाग बहुतेक वेळा त्याच्या नावडीच्या बाजूला असतो.

इगतपुरीचंच बघा. तिथे डोळे मिटायच्या आधी पंचशील, म्हणजे खोटं न बोलणं वगैरे पाच नियम, घ्यावं लागतं, मग मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास. संध्याकाळी जेवण नाही, पहाटे चारला घंटा. घरी येताना लोक यातलं काय आणतात? वीस मिनिटं डोळे मिटून बसणं. मग खोटं न बोलण्याचं काय झालं, हे त्यांना कोणी विचारत नाही, आणि ॲप तर मुळीच विचारत नाही.

अनेक धर्मांतून एक उपासना बांधण्याचा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रयोग वर्ध्याजवळ झाला. सेवाग्रामची प्रार्थना आजही उघड्यावर, त्याच जागी होते. तिच्यात काय काय आहे ते बहुतेकांना माहीत असतं: गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं, ईशोपनिषद, कुराणातली आयत, पारशांच्या अवेस्तातला उतारा, जपानी बौद्ध मंत्र, भजन. पण हे सगळं तिथे पोचलं कसं, तो भाग तुमच्या कामाचा आहे. गांधीजींनी टेबलावर पाच ग्रंथ मांडून उतारे निवडले नाहीत. गाभा आधीपासून होता, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले शेवटचे एकोणीस श्लोक. भजनांची घडी पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी बसवली. विष्णु दिगंबर पलुस्करांचा हा मराठी शिष्य गांधीजींच्या साबरमतीच्या आश्रमात राहायला आला आणि कायमचा आश्रमाचा झाला. कुराणातला भाग रैहाना तय्यबजींमुळे आला, त्या स्वतः तो म्हणत. जपानी मंत्र आश्रमात राहिलेल्या एका जपानी भिक्षूचा. दुसऱ्या महायुद्धात त्याला अटक करून नेलं, मंत्र राहिला. अवेस्तातला उतारा डॉ. गिल्डरांमुळे आला. ते गांधीजींबरोबर पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते.

म्हणजे प्रत्येक तुकड्यामागे तो जगणारा एक माणूस होता. तुकडा एकदा आत आला की गैरसोयीचा झाला म्हणून बाहेर काढायचा नाही, हेही होतं. १९४७ साली दिल्लीच्या प्रार्थनासभांत कुराणाच्या वाचनाला लोक हरकत घ्यायला लागले, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग गाळून बाकीची प्रार्थना उरकली नाही. कुराण नको, तर आज प्रार्थनाच नाही, असं म्हणून ते थांबत. आवडीनं गोळा केलेल्या गोष्टीसाठी असं कोणी करत नाही.

जवळच पवनारला विनोबा. कुराण मुळातून वाचता यावं म्हणून ते अरबी शिकले. बायबल, बौद्धांचं धम्मपद, शिखांचं जपुजी, सगळ्यांवर त्यांनी काम केलं. पण त्यांची बैठक शेवटपर्यंत गीता आणि उपनिषदांची होती. नारायण वामन टिळकांचं उलट्या दिशेनं तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तो पूर्ण घेतला, ख्रिस्ताच्या बाबतीत तडजोड नाही. मात्र अभंग, भजन, कीर्तन हे सगळं ते बरोबर घेऊन गेले, आणि मराठी चर्चमध्ये आजही त्यांची भजनं म्हटली जातात. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी परंपरेतले, लिहिलं मराठी ओव्या-अभंगांत, आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून आपलं मानलं. या तिघांपैकी कोणीही सगळ्या धर्मांपासून सारख्या अंतरावर उभा नव्हता. प्रत्येकाचं एक घर होतं, आणि त्या घराचं दार उघडं होतं.

म्हणून पहिलं काम घर ठरवणं. तुम्ही पत्रात सगळ्या गोष्टी एका ओळीत, सारख्या वजनानं लिहिल्या आहेत. तशा त्या नसणार. मुलीला रात्री ताप चढलेला असताना, किंवा दवाखान्याच्या बाकावर रिपोर्टची वाट बघताना, तुमच्या ओठांवर आपोआप काय येतं? मला वाटतं हरिपाठ येत असेल. लहानपणी पाठ झालेल्या गोष्टीला ही सोय असते, ती आठवावी लागत नाही. तसं असेल तर तेच तुमचं घर समजा. उत्तर वेगळं आलं, समजा बायबलमधलं मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र आलं, तर प्रामाणिकपणे ते धरा. आजीला वाईट वाटेल म्हणून हरिपाठ धरू नका.

हरिपाठ धरला असं समजून पुढचं लिहिते.

पहाटे किंवा सकाळी, स्वयंपाकघरात शिरायच्या आधी, ज्ञानदेवांचा हरिपाठ. मोठ्यानं, चालीत, टाळ असतील तर टाळ घेऊन. वीसएक मिनिटं लागतात. घाईत पुटपुटून आठ मिनिटांत संपवू नका. वेळ नसेल तर पाचच अभंग म्हणा, पण चालीत. आणि हरिपाठाबरोबर एकादशी येते. शाबुदाणा वडा, वऱ्याचे तांदूळ आणि बटाट्याच्या भाजीनं भरलेलं ताट ही एकादशी नाही, हे मी सांगायला नको. नोकरी सांभाळून जेवढं झेपेल तेवढं, पण पोटाला कळलं पाहिजे. मधुमेह असेल किंवा गोळ्या चालू असतील, तर उपवास डॉक्टरांना विचारूनच.

विपश्यना इथे जोडायची का? तुमच्या मनात असणार की हरिपाठ झाला की त्याच आसनावर, 'रामकृष्णहरी' श्वासाला जोडून, शिबिरात शिकवल्यासारखं बसायचं. तसं करू नका. शिबिराच्या नियमांत तुम्ही वाचलंच असेल की त्या दहा दिवसांत जप, माळ, प्रार्थना, दुसरी कुठलीही साधना बाजूला ठेवायची. लोकांना हा संकुचितपणा वाटतो. मला तो कारागिराचा काटेकोरपणा वाटतो. आनापानात श्वास जसा आहे तसा बघायचा असतो. त्याला नाव दिलं की मन श्वास सोडून नावाला धरतं, कारण नाव गोड असतं. मग अंगावरची खाज, गुडघ्याची कळ, मनात उठलेला राग या कशाकडेही बघायची गरज उरत नाही. श्वासाबरोबरचं नामस्मरण ही स्वतंत्र, जुनी आणि उत्तम साधना आहे. करायची असेल तर ती म्हणूनच करा, तिला विपश्यना म्हणू नका. दोन्ही हव्या असतील तर वेळ वेगळी ठेवा, जमल्यास जागाही. हरिपाठ सकाळी, निरीक्षण संध्याकाळी घरी आल्यावर. शिबिरात सकाळ-संध्याकाळ एकेक तास सांगतात. तुम्हाला दोन तास मिळणार नाहीत, हे तुम्हाला आणि मला दोघींनाही माहीत आहे. एक बैठक करा, पण रोज करा. आणि पंचशील पूर्ण ठेवा, त्यात अर्धं-मुर्धं नाही.

आता सामायिक. हे मला फार आवडतं. तुमची मैत्रीण श्वेतांबर असेल तर तुम्ही पाहिलंच असेल: कटासणं (बसायचं आसन) अंथरायचं, मुहपत्ती (तोंडासमोर धरायचं कापड) घ्यायची, सूत्र म्हणून व्रत घ्यायचं, शेजारी वाळूचं घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे दोन घटिका. तेवढा वेळ घरकाम नाही, दिव्याचं बटण नाही, दाराची बेल वाजली तरी उठणं नाही. सून बेल ऐकूनही शांत बसलेली असते आणि सासूबाई दार उघडायला जातात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. यातून तुम्ही विधी उचलू नका, मुहपत्ती घरी आणून ठेवू नका. वेळ बांधून घेणं तेवढं उचला. तुमची संध्याकाळची बैठक अठ्ठेचाळीस मिनिटांची करा, आणि एकदा बसलात की मध्ये उठायचं नाही. मन लागो न लागो. आणि मैत्रीण बोलावेल तेव्हा तिच्याकडे तिच्या पद्धतीनं बसा. तिथे तुम्ही पाहुण्या आहात, पाहुण्यासारखं वागायचं.

रात्रीसाठी एक छोटी गोष्ट सुचवते. तुमच्या शाळेतल्या सिस्टरांनी कदाचित शिकवलीही असेल. सोळाव्या शतकात जेझुइट संघ स्थापणाऱ्या इग्नेशियस लोयोलानं दिवसाच्या झाडणीची एक रीत घालून दिली आहे. आधी दिवसभरात जे मिळालं त्याबद्दल आभार. मग स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागायचा. मग सकाळपासून एकेक तास डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्याचं एक काहीतरी ठरवायचं. दहा मिनिटं पुरतात. जैनांचं प्रतिक्रमण याच्या जवळचं आहे, बरंच अधिक तपशिलाचं. दोन्ही करायचा मोह होईल. एकच करा. एकच काम करणारी दोन साधनं ठेवली की दोन्ही हलकी होतात. तुम्हाला स्वतःला दोष देत बसायची सवय असेल (पत्राच्या सुरावरून मला तशी शंका आली), तर इग्नेशियसची बरी, कारण तिची सुरुवात आभारानं होते. ही प्रार्थना ख्रिस्ताला उद्देशून आहे, तुम्ही ती विठ्ठलाला उद्देशून करणार. करा, पण ती तुम्ही बदलून घेतली आहे याची जाणीव असू द्या.

परंपरा आपली गोष्ट आपल्या पद्धतीनं जपतात, हेही लक्षात असू द्या. लोणावळ्याच्या साधना संस्थेतले जेझुइट फादर अँथनी डिमेलो श्वासाचं निरीक्षण, अंगावरच्या संवेदनांचं भान हे सगळं ख्रिस्ती प्रार्थनेत आणत. जगभरचे लोक त्यांच्याकडे येत. १९८७ साली ते गेले, आणि १९९८ साली व्हॅटिकननं अधिकृत पत्रक काढून सांगितलं की त्यांची काही मतं कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत. कोण बरोबर, यात मी पडत नाही. घरातल्या माणसालाही प्रश्न विचारला जातो, तर बाहेरून येणाऱ्यालाही विचारला जाईल, एवढंच.

काही गोष्टी मात्र मुळीच उचलायच्या नाहीत. बाप्तिस्मा न घेता चर्चमध्ये कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, रांगेत उभं राहू नका. मागच्या बाकावर बसा, गाणी म्हणा, कोणी हाकलत नाही. नमाज आपल्या घरी 'योगासारखी' करून बघू नका, ती अल्लाहसमोर दिलेली साक्ष आहे, व्यायाम नव्हे. त्यापेक्षा रमजानमध्ये ओळखीच्या घरी इफ्तारला जा. गुरुद्वारा याबाबत सर्वांत मोकळा: डोकं झाकून जा, मथ्था टेका आणि लंगरमध्ये भांडी घासा. नामदेवांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, तेव्हा आपण काही अगदी परके नाही.

बुद्धमूर्तीबद्दल स्वतंत्र सांगते, कारण महाराष्ट्रात हे टाळून चालणार नाही. तुम्ही लिहिलंय की देवघरात विठ्ठलाशेजारी बुद्ध ठेवलाय, 'शेवटी सगळे एकच'. तुमच्या घरात तुम्ही काहीही ठेवा. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी प्रतिज्ञा आहे. ती ज्यांच्या घरात पाळली जाते त्यांच्यासाठी तो बुद्ध म्हणजे जातीच्या उतरंडीतून बाहेर पडण्याचा रस्ता आहे. त्यांना 'सगळे एकच' म्हणणं म्हणजे ज्या घरातून ते अपमान सोसून बाहेर पडले, त्याच घरात परत बोलावणं. तुमची बौद्ध सहकारी तुमच्या सर्वधर्म-आरतीला आली नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं. तिनं तिची प्रतिज्ञा पाळली. तुम्ही एकादशी पाळता, तसंच ते.

कव्वाली ऐका, भरपूर ऐका. फक्त तिला साधनेच्या खात्यात मांडू नका. सूफींच्या चिश्ती परंपरेत समा, म्हणजे संगीत ऐकणं, आहे, पण त्याआधी पीर आहे, बैत, म्हणजे त्याला दिलेला निष्ठेचा शब्द, आहे, आज्ञेत राहणं आहे. स्वयंपाक करताना ऐकलेली कव्वाली हा आनंद आहे, आणि आनंद काही वाईट नाही. ॲप काढून टाका. सलग किती दिवस बसलात याचा आकडा दाखवून ते तुमच्यात एक नवा अहंकार वाढवतंय, दुसरं काही नाही.

मग गैरसोयीच्या दोन गोष्टी, माझ्या आग्रहाच्या. पहिली पैशाची. अडीच टक्के म्हणा, दसवंध म्हणा, आकडा तुम्ही ठरवा, पण एकदाच ठरवा आणि पगार आला की आधी तो बाजूला काढा. उरलं तर देऊ, असं केलं की कधीच उरत नाही. दुसरी, आठवड्यातली एक संध्याकाळ. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, तेलाच्या घाण्याचं काम करत, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. धंद्याचं नुकसान सोसून, कित्येक पिढ्या. शब्बाथ, म्हणजे तो शनिवारचा विसावा, त्यांचा आहे, त्यांच्या कराराचा भाग आहे, तुम्ही त्याचे नियम घेऊ नका, नावही घेऊ नका. पण शुक्रवारी दिवेलागणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फोन कपाटात, एवढं तुम्हाला जमेल. पहिले काही शुक्रवार घरचेच जास्त चिडतील. चिडू द्या.

किती दिवस करायचं? आपल्याकडे याचं तयार माप आहे, चातुर्मास. आषाढी एकादशीला नेम घ्या, कार्तिकीला सोडा. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मासही पावसाच्या याच महिन्यांत असतो, त्यामुळे आजूबाजूलाही कोणी ना कोणी नेमात असतं. या चार महिन्यांत एकही गोष्ट बदलायची नाही, वाढवायची तर मुळीच नाही. नवं पुस्तक वाचलं, नवा व्हिडिओ पाहिला, की काहीतरी जोडावंसं वाटेल. ते वहीत लिहून ठेवा, कार्तिकीनंतर बघू. त्याच वहीत रोज एक ओळ: झालं की नाही. अनुभव लिहू नका. प्रकाश दिसला, अंग हलकं झालं, हे लिहायला लागलात की उद्या तुम्ही त्याचीच वाट बघत बसाल. फार तर आज कोणावर ओरडले, तेवढं लिहा. साधना लागू पडतेय का, हे तुमच्यापेक्षा तुमच्या घरच्यांना आणि ऑफिसातल्या शिपायाला आधी कळतं.

एक काळजीची सूचना. पूर्वी कधी नैराश्य, घबराटीचे झटके, झोप पार उडणं असं झालं असेल, तर लांब मौनाची शिबिरं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुन्हा करू नका. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगीच नाही, तिथे खरं लिहा. व्हिडिओ बघून कुंडलिनीचे, जोरकस श्वासाचे प्रकार तर करूच नका. आणि चालू गोळ्या 'आता ध्यान करतेय' म्हणून बंद करू नका.

एकटीनं करू नका, हेही सांगते. स्वतः बांधलेल्या साधनेची सर्वांत कच्ची बाजू हीच, की तिला संघ नसतो आणि 'हे चुकतंय' म्हणणारं कोणी नसतं. हरिपाठासाठी नाशकात भजनी मंडळ गल्लोगल्ली आहे. आठवड्यातून एकदा जाऊन बसा, भले तिथल्या बायका तुमच्या शेजारी बसून कांद्याचे भाव बोलोत. विपश्यनेच्या जुन्या साधकांच्या सामूहिक बैठका असतात, महिन्यातून एखादी गाठा. दोन्हीकडे दुसऱ्या ठिकाणच्या गोष्टींची जाहिरात करू नका.

आता मुलीचं. तिला हे सगळं मिश्रण शिकवायचं का, असं तुम्ही विचारलंय. नको. तिला हरिपाठ शिकवा, आजीनं तुम्हाला शिकवला तसा, अर्थ न सांगता, चालीसकट. बाकीचं तिला दिसू द्या: आई संध्याकाळी पाऊण तास उठत नाही, शुक्रवारी फोन कपाटात असतो, पगाराच्या दिवशी एक पाकीट वेगळं निघतं. ती विचारेल, तेव्हा ज्याची गोष्ट त्याचं नाव घेऊन सांगा: हे मावशीकडून शिकले, हे इगतपुरीला, हे शाळेत. पुढे तिला यातलं काहीच नको असेल, तर तेही ऐकायची तयारी ठेवा.